एलव्हीएमवरून लिनक्स सुरू करताना बूट डिरेक्टरी आत ठेवावी की बाहेर?

जळगावच्या एमआयडीसीतील कार्यालय असो वा शहाद्याचे महाविद्यालय, लिनक्स सर्व्हरची रूट (म्हणजे मुख्य) फाइल सिस्टिम एलव्हीएमवर, म्हणजे डिस्कची जागा लवचीकपणे ‘लॉजिकल व्हॉल्यूम’मध्ये वाटून देणाऱ्या व्यवस्थेवर, ठेवावी, याबद्दल आता फारसा वाद नाही. निर्णय घ्यायचा असतो तो एवढाच, की कर्नल (लिनक्सचा गाभा) आणि इनिट्रॅमएफएस (रूट सापडेपर्यंत मेमरीत चालणारी छोटी फाइल सिस्टिम) असलेली बूट डिरेक्टरी त्याच लॉजिकल व्हॉल्यूममध्ये ठेवावी की साध्या, वेगळ्या पार्टिशनवर. यंत्र सुरू होताना कर्नल लोड करणाऱ्या ग्रब या प्रोग्रॅमच्या जुन्या पिढीला, ग्रब लेगसीला, एलव्हीएम वाचताच येत नसल्यामुळे पूर्वी वेगळे पार्टिशन सक्तीचेच होते. ग्रब २ ला ते वाचता येते, म्हणून आज निवड शक्य झाली आहे. यूईएफआय या यंत्र सुरू करणाऱ्या फर्मवेअरचे फॅट पार्टिशन मात्र दोन्ही पद्धतींत एलव्हीएमबाहेरच लागते.

बूट आत ठेवली, की जुन्या कर्नलांनी लहान पार्टिशन भरून अपडेट अडण्याची अडचण संपते. त्याहून मोठा लाभ स्नॅपशॉटचा, म्हणजे व्हॉल्यूमची त्या क्षणीची स्थिती जपून ठेवण्याचा, आहे. अपडेट बिघडल्यावर रूट स्नॅपशॉटवरून मागे नेली, तर रूटवर असलेली कर्नलची मॉड्यूल्सही (ड्रायव्हरसारखे त्याचे सुटे भाग) जुनी होतात. बूट बाहेर असेल तर तिथला नवा कर्नल तसाच राहतो, त्याला स्वतःची मॉड्यूल्स सापडत नाहीत आणि नेटवर्क कार्डासारखी साधी गोष्टही बंद पडू शकते. बूट आत असेल, तर दोन्ही एकत्र मागे जातात.

तरीही धडगाव, अक्कलकुवा यांसारख्या ठिकाणी, जिथे तंत्रज्ञ पोहोचेपर्यंत दुरुस्ती फोनवरूनच करावी लागते, तिथे मी बूट बाहेर ठेवण्याचाच आग्रह धरेन. एलव्हीएमची माहिती बिघडली आणि बूट आत असली, तर यंत्र ग्रबच्या रेस्क्यू प्रॉम्प्टवरच (मोजक्या आज्ञा घेणाऱ्या पडद्यावर) थांबते आणि तिथे एलव्हीएम दुरुस्तीचे कोणतेही साधन नसते. बूट बाहेर असेल तर मेनू उघडतो, जुना कर्नल निवडता येतो आणि रूट सापडली नाही तरी इनिट्रॅमएफएसच्या शेलपर्यंत, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या जागेपर्यंत, पोहोचता येते. तिथे व्हॉल्यूम ग्रुप (लॉजिकल व्हॉल्यूम ज्यातून काढले जातात तो डिस्कचा एकत्रित साठा) सक्रिय करण्याच्या आज्ञा हाताशी असतात. शिवाय ग्रब एलव्हीएम केवळ वाचतो, त्यावर लिहीत नाही. त्यामुळे मागच्या वेळी निवडलेला कर्नल लक्षात ठेवण्याची सोय आत चालत नाही. रेड हॅट कंपनीच्या लिनक्सचा इन्स्टॉलर तर बूट एलव्हीएमवर ठेवूच देत नाही.

प्रत्येक अपडेटपूर्वी स्नॅपशॉट घेण्याची शिस्त असेल आणि जाणकार माणूस त्याच इमारतीत असेल, तर बूट आत ठेवावी. इतरांनी किमान १ जीबीचे वेगळे पार्टिशन करावे आणि रूटचा स्नॅपशॉट घेतानाच बूट डिरेक्टरीची प्रतही काढून ठेवावी, म्हणजे मागे जाताना दोन्हींचा मेळ राखता येईल.