सोलापूर ते चिंचोळी एमआयडीसी, दहा महिन्यांच्या वापरानंतर: रस्ता मधोमध पक्का, कडेला कच्चा

राष्ट्रीय महामार्ग ६५ चा जुना पुणे नाका ते चिंचोळी एमआयडीसी हा तुकडा जेमतेम पंधरा-सतरा किलोमीटरचा आहे. जून २०२५ ते मार्च २०२६ या दहा महिन्यांत पावसाळा, ऊसतोडीचा हंगाम आणि उन्हाची सुरुवात, तिन्ही धरून हा रस्ता बहुतेक दुचाकीने आणि अधूनमधून कारने वापरला. केगावला विद्यापीठात जाणारी मुलं, कोंडी-पाकणीचे लोक आणि सातच्या पाळीला कारखान्यात पोहोचणारे कामगार यांच्या उपयोगाचं जे हाती लागलं, ते इथं देत आहे.

कारवाल्याला विचाराल तर तो पाचपैकी चार देईल आणि ते बरोबरच आहे. चौपदरी, दुभाजक असलेला, वळणं सौम्य. दुचाकीवाल्याकडून मात्र दोनाच्या वर जात नाहीत. दोघं एकाच रस्त्यावरून जातात, पण कारवाला मधल्या भागातून जातो आणि दुचाकीवाला कडेनं. आपल्याकडे महामार्गाचं काम मधोमध नेटानं होतं आणि कडेला उरकलं जातं. रोज जाणाऱ्याचा सगळा त्रास त्या शेवटच्या दोन मीटरमध्ये आहे.

कडेची रचना आधी समजून घ्या. डाव्या लेनच्या बाहेर पांढरा पट्टा, त्याच्या पलीकडे साधारण दीड मीटरची डांबरी साइडपट्टी आणि मग मुरमाची कच्ची साइडपट्टी. रस्त्यावर दर काही वर्षांनी डांबराचा नवा थर चढतो, चाळीस-पन्नास मिलिमीटरचा. असे दोन थर चढले की रस्ता तीन-चार इंच उंच होतो. मुरूम त्याच वेळी तेवढाच भरून दाबायला हवा. तो राहून जातो किंवा भरला तरी एका पावसात वाहून जातो. मग डांबराला सरळ कापल्यासारखा ओठ तयार होतो.

त्यात आपली जमीन काळी. काळी माती भिजली की फुगते, वाळली की आक्रसते. रस्त्याच्या मधल्या भागाखाली ओल फारशी बदलत नाही. कडेला मात्र पावसाळ्यात पाणी मुरतं आणि मार्चपर्यंत माती पार भेगाळते. म्हणून डांबराच्या कडेपासून फूट-दीड फूट आत, रस्त्याला समांतर अशी लांब चीर पडते. ती दिसली की समजायचं, पुढच्या पावसाळ्यात तिच्या बाहेरचा तुकडा खाली बसणार. भिजलेल्या काळ्या मातीचा सीबीआर, म्हणजे भार पेलण्याचं माप, दोन ते चार टक्क्यांच्या आसपास असतं. भरलेल्या ट्रकचं चाक अशा कडेवरून गेलं की तिचा टिकाव लागत नाही.

चाक ओठावरून खाली उतरलंच, तर लगेच हँडल उजवीकडे वळवून वर यायला बघू नका. बहुतेक जण इथंच पडतात. टायरची बाजू ओठाला घासत राहते, चाक चढत नाही, गाडी मात्र उजवीकडे झुकलेली असते. मग एकदम चढतं आणि गाडी थेट ट्रकच्या लेनमध्ये जाते. आधी थ्रॉटल सोडा, मागचा ब्रेक हलका लावा आणि मुरमावरच सरळ चालत राहा. वेग माणसाच्या चालीएवढा झाला की आरशात बघा आणि ओठ जिथं कमी आहे तिथं, शक्य तितकं काटकोनात चाक घालून वर या. पुढचा ब्रेक मुरमावर अजिबात नको.

दुरुस्तीचं काम सुरू असलेल्या पट्ट्यात रस्त्याचा रंग वाचता आला पाहिजे. नवा थर टाकण्याआधी चिकटपणासाठी इमल्शन, म्हणजे पाण्यात मिसळलेलं डांबर, फवारतात. ते ताजं असताना तपकिरी, चहाच्या रंगाचं दिसतं आणि त्यातलं पाणी सुटलं की काळं पडतं. तपकिरी आहे तोवर त्यावर दुचाकी घालणं म्हणजे साबणावर घालणं. वर पाऊस पडला तर विचारूच नका. जुना थर खरवडलेला असेल तर रस्त्यावर लांब खाचा दिसतात. त्यात पुढचं चाक सापासारखं वळवळतं. घाबरून हँडल घट्ट धरलं की वळवळ वाढते, म्हणून मूठ सैल, वेग तीस-पस्तीस आणि ब्रेक खाचा संपल्यावर. खरवडलेला भाग आणि न खरवडलेला भाग यांच्यामध्ये उभी पायरी असते, तिच्यावरून तिरकं जाऊ नये.

एक बाजू बंद करून दुसऱ्या बाजूवर दुहेरी वाहतूक सोडतात तेव्हा सगळ्यांत वाईट जागा म्हणजे दुभाजक फोडून केलेला रस्ता. तिथं डांबराऐवजी मुरूम आणि सुटी खडी असते. वाहतूक वळवायला ठेवलेल्या पिंपांवरचे चकाकणारे पट्टे पहिल्या दोन दिवसांत धुळीनं मढतात आणि रात्री दिसेनासे होतात. काम थांबलेलं असताना पिंपं उचलून नेतात आणि जागेवर चुना मारलेले दगड ठेवतात, तेव्हा तर जास्तच सांभाळा. समोरून येणाऱ्याला अजून आपण एकेरी रस्त्यावरच आहोत असं वाटत असतं. त्यामुळे अशा पट्ट्यात ओव्हरटेक शून्य.

आता कट, म्हणजे दुभाजकात वळण्यासाठी सोडलेली मोकळी जागा. दुभाजक साधारण साडेचार-पाच मीटर रुंद आणि ट्रेलर पंधरा मीटरचा. पलीकडे जायला थांबलेला ट्रेलर दुभाजकात मावत नाही. त्याचं शेपूट उजव्या लेनमध्येच राहतं. रात्री त्या शेपटाला ना दिवा, ना पट्टी. एमआयडीसीकडे वळणारी आणि पाकणीच्या इंधन डेपोकडे जाणारी अवजड वाहनं या रस्त्याला कायमचीच, तेव्हा कट जवळ आला की उजवी लेन सोडायची सवय कारवाल्यांनीही लावून घ्यावी. दुभाजकातली कण्हेर समोरच्या दिव्यांचा झोत अडवते, हा तिचा मोठा गुण. पण कटाच्या तोंडाशी ती छातीएवढी वाढली की वळणारी दुचाकी दिसतच नाही. कटाच्या दोन्ही बाजूंची झाडं गुडघ्याच्या वर जाऊ द्यायला नकोत. छाटणीचं हे साधं काम आहे. त्यातच फेब्रुवारीपासून त्या झाडांना पाणी घालणारा टँकर सकाळच्या वेळी उजव्या लेनमधून रांगत असतो. ही वेगवान लेन आहे या समजुतीनं ऐंशीनं येणाऱ्याला तो फार उशिरा दिसतो. टँकरमागं सांडलेल्या पाण्याचा ओला पट्टा दूरवरून दिसतो, तीच त्याची खूण.

उलट्या बाजूनं येणाऱ्यांवर सगळेच चिडतात. चिडणं रास्त आहे. पण कारणही बघितलं पाहिजे. पाळी सुटलेल्या माणसाला कायदेशीर वळण घ्यायला दोन-तीन किलोमीटर उलट दिशेनं जाऊन परत यावं लागत असेल, तर तो दोनशे मीटर राँग साइडनं जाणारच. दंडानं हे थोडं कमी होतं, बंद होत नाही. सलग सर्व्हिस रोड आणि फाट्याखाली जाण्यायेण्याचा बोगदा, एवढाच त्यावरचा उपाय. सर्व्हिस रोड मधेच संपतो आणि माणसाला काटकोनात मुख्य रस्त्यावर आणून सोडतो, तिथं तो असून नसल्यासारखा. तोवर तुम्ही सरळ जाणारे असाल तर एवढं करा: साइडपट्टीवरून जाताना, विशेषतः पाळी सुटायच्या वेळी, समोरून कोणी येणारच असं धरून चाला. त्याला चुकवायला उजवीकडे जायचं असेल तर आधी आरसा.

गतिरोधकांचं माप ठरलेलं आहे. ताशी २५ किलोमीटर वेगासाठी ३.७ मीटर लांब आणि १० सेंटिमीटर उंच, वर गोलाई. सर्व्हिस रोडवर आणि गावच्या फाट्यांवर जे आढळतात ते हातभर लांबीचे, उंची मात्र तेवढीच किंवा जास्त. रंग उडालेला. रोज असे आठ-दहा ओलांडले की गाडीचा कोनसेट, म्हणजे हँडल फिरतं तिथलं बेअरिंग, ढिला होतो. खूण सोपी: मधल्या स्टँडवर गाडी लावून पुढचं चाक उचला आणि हँडल हळू फिरवा. सरळ रेषेत आल्यावर किंचित अडकल्यासारखं झालं तर कोनसेट गेला. धुळीमुळं चेनला दर पाचशे किलोमीटरला तेल आणि एअर फिल्टर कंपनी सांगते त्याच्या निम्म्या अंतरावर साफ करावा लागला. टायरची हवा आठवड्याला बघावी, कमी हवेवर ओठाला धडकलं की रिमला पोक येतो.

एसटीने जाणाऱ्यांसाठी थोडक्यात. उड्डाणपूल झाला की बस वरून जाते आणि गाव खाली राहतं. लांब पल्ल्याची गाडी फाट्यावर थांबेल की पुढं नेऊन सोडेल, हे चढण्याआधी वाहकाला विचारा. बस मुख्य रस्त्यावरच थांबत असेल तर उतरल्यावर तिच्या पुढून रस्ता ओलांडू नका. ती जाऊ द्या. वडाप, म्हणजे सीटवर भाडं घेणारी खासगी जीप, वेळेला मिळतं, पण ते साइडपट्टीवर कुठंही थांबतं, त्यामुळे मागच्या दुचाकीवाल्यानं त्याच्यापासून चार गाड्यांचं अंतर ठेवावं.

ऊस सुरू झाला की रस्ता बदलतो. सोलापूर जिल्ह्यात साखर कारखाने राज्यात सर्वाधिक, तेव्हा साधारण नोव्हेंबर ते मार्च दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर रात्रंदिवस. मागच्या ट्रॉलीला रिफ्लेक्टर असला तरी उसाच्या वाढ्यांनी झाकलेला. अंधारात ट्रॅक्टरचं इंजिन ऐकू येतं, ट्रॉली दिसत नाही. एकटा मागचा लाल दिवा पाहून दुचाकी समजू नका. रस्त्यावर पडलेलं उसाचं कांडं पुढच्या चाकाखाली गोल फिरतं. त्यावरून जाण्यापेक्षा वेग कमी करून बाजूनं काढावं.

पावसाळ्यात लांबोटीच्या सीना पुलाची चौकशी करून निघणं आता गरजेचं आहे. सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस सीनेला आलेल्या पुरात हा महामार्ग तिथं बंद करावा लागला. विजयपूर रस्त्याचीही तीच गत झाली. केगाव–हत्तूर बायपास एरवी विजयपूरकडची जड वाहनं शहराबाहेरून नेतो, पण पुढं सीनाच आडवी असेल तर तोही कामाचा नाही. कोजागरीला तुळजापूरकडं पायी जाणाऱ्या भाविकांसाठी तुळजापूर रस्ता वाहनांना बंद होतो, त्या दिवशी वळवलेल्या वाहतुकीचा भार शहराच्या नाक्यांवर येतो. शहरातून सुटण्याबद्दल फार लिहीत नाही. जुना पुणे नाका ते पत्रकार भवन आणि जुना बोरामणी नाका ते मोरारका बंगला हे दोन उड्डाणपूल वर्षानुवर्षं भूसंपादनात घुटमळले आणि त्याची किंमत रोज सकाळी नाक्यावर मोजली गेली.

मोहोळहून सोलापूरला कारनं ये-जा करणाऱ्यांनी सावळेश्वर टोलचा हिशेब नीट करावा. १५ ऑगस्ट २०२५ ला सुरू झालेला फास्टॅगचा वार्षिक पास तेव्हा ३,००० रुपयांचा, २०० फेऱ्यांचा किंवा एका वर्षाचा, जे आधी संपेल ते. अशा टोलवर एकदा नाका ओलांडला की एक फेरी, म्हणजे जाऊन-येऊन दोन. रोज जाणाऱ्याचा पास शंभर दिवसांत संपतो. त्याच्यासाठी नाक्यापासून २० किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांचा मासिक पास स्वस्त पडतो. तो साडेतीनशे रुपयांच्या आसपास मिळतो आणि त्यात फेऱ्यांची मर्यादा नाही. तो कॅलेंडर महिन्याचा असतो, वीस तारखेला काढलात तर दहाच दिवस मिळतील. खासगी वाहनाचं आरसी आणि पत्त्याचा पुरावा लागतो. महिन्यातून दोन-तीनदा पुण्याला जाणाऱ्यासाठी मात्र वार्षिक पासच बरा, ३,००० रुपयांच्या दरानं फेरीला १५ रुपये पडायचे. दुचाकीला टोल नाही.

तक्रार १०३३ या महामार्ग हेल्पलाइनवर किंवा राजमार्गयात्रा ॲपवर करता येते. ‘कोंडीजवळ खड्डा आहे’ एवढं सांगून काही होत नाही. जवळच्या किलोमीटरच्या दगडावरचा आकडा आणि त्यापुढचा दोनशे मीटरचा छोटा दगड सांगा, सोलापूरहून पुण्याकडची बाजू की पुण्याहून सोलापूरकडची तेही सांगा. फोटोत पाण्याची बाटली किंवा पट्टी उभी ठेवून ओठाची उंची दिसू द्या. तक्रार क्रमांक लिहून ठेवा.

इथला अनुभव असा की कडेच्या तक्रारीवर मुरमाची गाडी येते, ढीग टाकून लोखंडी फळीनं ओढते आणि तक्रार बंद झाल्याची नोंद होते. तो मुरूम पंधरा दिवस टिकतो. म्हणून तक्रारीतच लिहायचं: जुना सैल भाग खरवडून, मुरूम थरांनी टाकून, पाणी मारून रोलर फिरवावा, आणि उतार रस्त्याकडून बाहेरच्या गटाराकडे ठेवावा. काम झाल्यावर टाच दाबून बघा. बूट रुतला तर रोलर फिरलेला नाही, त्याच क्रमांकावर पुन्हा फोटो पाठवा. हे मेच्या अखेरीपर्यंत उरकलं पाहिजे. जूनचा पहिला पाऊस पडल्यावर आणलेला मुरूम सरळ शेतात जातो.