सोळा फेडर, दहा बोटं : सोपा डिजिटल मिक्सर कोणता?

सोपा डिजिटल मिक्सर (सगळ्या माइकचे आवाज एकत्र करून स्पीकरकडे पाठवणारं यंत्र) सुचव, असं कोणी म्हटलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो : चालवणार कोण? एकच माणूस कायम बसणार असेल तर कुठलाही मिक्सर काही दिवसांत अंगवळणी पडतो. आज हा, उद्या तो, परवा ज्याला वेळ असेल तो, असा प्रकार असेल तर मात्र जपून निवडावं लागतं. माझं काम बहुतेक या दुसऱ्या जातीच्या मंडळींबरोबर चालतं. हौशी नाटकं, गाण्याचे छोटे कार्यक्रम, मध्येच कोणाचं तरी लांबलेलं भाषण.

त्यामुळे नवा मिक्सर समोर आला की माहितीपत्रक बाजूला ठेवून मी चार कामं करून बघते. एखादा माइक तत्काळ बंद करायचा. गेन, म्हणजे माइकमधून आत येणाऱ्या आवाजाची पातळी, कमी करायचा. गायिकेच्या मॉनिटरमध्ये, म्हणजे स्टेजवर तिला ऐकू यावं म्हणून ठेवलेल्या स्पीकरमध्ये, तिचाच आवाज वाढवायचा. आणि तिथून परत मुख्य मिक्सवर, म्हणजे प्रेक्षकांना ऐकू जाणाऱ्या आवाजावर, यायचं. किती बटणं दाबावी लागली आणि किती वेळा मान खाली घालून स्क्रीन शोधावा लागला, एवढंच मी बघते.

चौथ्या कामाकडे कोणाचं लक्ष नसतं आणि सगळे घोटाळे तिथेच होतात. डिजिटल मिक्सरवर ‘सेंड्स ऑन फेडर’ नावाची सोय असते. मॉनिटरचं बटण दाबलं की मोटरवाले फेडर (पातळी कमी-जास्त करायच्या सरकत्या दांड्या) खर्रकन आपल्या जागा बदलतात, आणि आता समोर दिसते ती त्या मॉनिटरची पातळी. सोय झकास आहे. पण बटण तसंच चालू राहिलं आणि प्रेक्षकांतून कोणी ‘आवाज येत नाही’ म्हणून हात केला, की नवखा ऑपरेटर फेडर वर ढकलतो. हॉलमध्ये काहीच वाढत नाही म्हणून आणखी ढकलतो. वाढतो तो मॉनिटर, आणि मग तो जी शिट्टी मारतो ती शेवटच्या रांगेपर्यंत पोचते. म्हणून आपण कुठल्या मिक्समध्ये आहोत हे लांबूनही कळलं पाहिजे, ही माझी पहिली अट.

सध्या मी सगळ्यात जास्त वेळा सुचवते तो यामाहाचा टीएफ-१. ही मालिका २०१५ची, म्हणजे नवी नवलाई नाही. सोळा चॅनल फेडर (चॅनल म्हणजे एका माइकची मिक्सरमधली वाट), सगळ्यांचा मिळून एक मास्टर, टचस्क्रीन, आणि स्क्रीनवर ज्याला बोट लावाल ते फिरवायला शेजारी एक मोठा नॉब. कॉम्प्रेसर म्हणजे आवाज एकदम वाढला की तो आपोआप दाबणारी सोय. त्यातला ‘वन-नॉब कॉम्प्रेसर’ पाहून अनुभवी लोक नाक मुरडतात, मीही मुरडलं होतं. थ्रेशोल्ड (कुठून दाबायचं), रेशो (किती दाबायचं), गेन (दाबल्यावर किती वाढवायचं) हे सगळं एकाच नॉबमागे दडवलेलं. पण भाषणाच्या माइकवर ज्याला कॉम्प्रेशन म्हणजे काय हेच ठाऊक नाही, त्याच्या हातात तीन नॉब देण्यापेक्षा हे शंभर पटींनी बरं. तो नॉब थोडासा उघडतो, वक्ता एकदम ओरडला तरी कान वाचतात. ज्याला खोलात जायचं त्याच्यासाठी नेहमीचं पान आहेच. माइकनुसार तयार प्रीसेटही दिले आहेत. ते सुरुवातीला घ्यावेत, पण हॉलप्रमाणे हात फिरवल्याशिवाय कार्यक्रम सुरू करू नये.

आता त्याची खोड. यामाहाच्या चॅनलवर ‘ऑन’चं बटण असतं : दिवा लागला म्हणजे माइक चालू. बेरिंजर आणि ॲलन अँड हीथवर असतं ‘म्यूट’ : लाल दिवा लागला म्हणजे माइक बंद. दोन्ही पद्धती आपापल्या जागी ठीक. पण तुमची मंडळी दोन्हीकडे बसत असतील तर अंधारात दिवा बघून उलटाच निर्णय घेतला जातो, आणि पडद्यामागे चाललेली खुसफुस सगळ्या हॉलला ऐकू जाते. म्हणून एका गटाने शक्यतो एकाच पद्धतीचे मिक्सर ठेवावेत. दुसरी कुरकुर गेनची. चॅनल निवडा, स्क्रीनवर गेनला बोट लावा, मग नॉब फिरवा. स्क्रीनजवळच्या यूजर नॉबपैकी एकाला गेन नेमून दिला की काम हलकं होतं, पण हे करून देणारा कोणीतरी लागतो.

गेनच्या बाबतीत ॲलन अँड हीथचा क्यू-१६ अजूनही माझा लाडका. २०१३चा हा मिक्सर. निवडलेल्या चॅनलचा गेन, गेट (बारीक आवाज आपोआप बंद करणारा), ईक्यू (खर्ज-तार कमी-जास्त करणारा), कॉम्प्रेसर, सगळ्यांना खरेखुरे नॉब, एका पट्टीत ओळीने. जुन्या ॲनालॉगवर वाढलेला माणूस यावर दहा मिनिटांत रुळतो. गाण्याच्या माइकवर लो-कट (खालची घरघर कापणारी चाळणी) ऐंशी-शंभर हर्ट्झपर्यंत नेणं, हे नवख्याला शिकवायचं सगळ्यात उपयोगी काम, आणि इथे ते न बघता करता येतं. चॅनलवर नावाची छोटी स्क्रीन मात्र नाही. पांढरी टेप लावून पेनाने नावं लिहायची, आणि लेअर बदलला, म्हणजे त्याच फेडरांवर चॅनलचा दुसरा गट आणला, की टेपवरची दुसरी ओळ वाचायची.

बेरिंजर एक्स-३२बद्दल विचारलं नाही असं होत नाही. २०१२मध्ये आला आणि छोट्या गटांना ३२ चॅनल, १६ मिक्स बस (मॉनिटरसारखे वेगवेगळे मिक्स बाहेर नेणाऱ्या वाटा), मोटरवाले फेडर आवाक्यात आणून ठेवले. प्रत्येक फेडरवर रंगीत छोटी स्क्रीन, निवडलेल्या चॅनलला खरे नॉब. तयार मांडून दिलेला एक्स-३२ कोणीही चालवू शकतो. मांडून देणं हेच अवघड. कुठला इनपुट कुठे जातो हे राउटिंगच्या पानांवर आठ-आठच्या गटांनी ठरवायचं. पुढच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे मिक्सरच्या आतल्या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीत, एकेक नेमायची सोय आली, पण ती पानं बघून नवखा गांगरतोच. मोठा स्क्रीन टचही नाही, सगळे बोट लावून बघतात. गटात एक तरी चौकस माणूस असेल तर बिनधास्त घ्या.

आणि हो, लेटन्सीवरून, म्हणजे आवाज मिक्सरमधून बाहेर पडायला लागणाऱ्या उशिरावरून, वाद घालणाऱ्यांसाठी. एक्स-३२चा उशीर ०.८ मिलिसेकंद. आवाज हवेत एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. म्हणजे फरक पडला तो स्पीकर वीतभरापेक्षा थोडा मागे सरकवल्याइतका. पुढे चला.

फेडर नसलेले, टॅबलेटवर चालणारे मिक्सर स्वस्त आणि सुटसुटीत असतात. बेरिंजरचा एक्सआर-१८ आणि साउंडक्राफ्टचा यूआय-२४आर हे त्यातले ओळखीचे. यूआय तर साध्या ब्राउझरमध्ये उघडतो, ॲप लागत नाही. हॉलभर फिरून ऐकत मिक्स करायला मला हे आवडतात. पण एकट्या टॅबलेटवर भिस्त ठेवून नवख्याला बसवायला मी तयार नाही. रिकाम्या हॉलमध्ये वाय-फाय छान चालतं. माणसं आली की प्रत्येकाच्या खिशात एक फोन, आणि २.४ गिगाहर्ट्झची पट्टी तुंबते. जोडणी तुटली तरी आवाज चालू राहतो, हे खरं. फक्त त्या वेळी तुम्ही प्रेक्षक असता. वेगळा ५ गिगाहर्ट्झचा राउटर स्टेजजवळ डोक्यांच्या वर लावावा.

२०२३मध्ये आलेला ॲलन अँड हीथचा सीक्यू-१८टी फेडरवाले आणि टॅबलेटवाले यांच्या मधला : फेडर नाहीत, पण अंगावरच टचस्क्रीन आणि नॉब आहेत. त्याचा गेन असिस्टंट माइकमधला आवाज ऐकून गेन स्वतः लावतो. साउंड चेकला गायक पुटपुटतो आणि कार्यक्रमात गर्जतो, हा जगाचा नियम असल्याने मी तरीही गेन थोडा कमी करून वर जागा सोडून ठेवते. साउंडला वेगळा माणूसच नसलेल्या बँडसाठी मात्र हाच घ्यावा.

घेताना आणखी दोन गोष्टींची तजवीज करा. एक, यूपीएस. ॲनालॉग मिक्सर वीज आली की बोलायला लागतो. डिजिटलची वीज क्षणभर गेली तरी तो पुन्हा सुरू होईपर्यंत सगळं मुकं. दुसरं, सीन, म्हणजे सगळ्या नॉब-फेडरांची साठवून ठेवलेली मांडणी. नीट बसवलेली मांडणी पेनड्राइव्हवर घेऊन ठेवा, आणि चालू कार्यक्रमात सीन बदलणार असाल तर मुख्य माइक ‘रीकॉल सेफ’ करून ठेवा, म्हणजे सीन बदलला तरी ते हलणार नाहीत. नाहीतर तासाभरात हळूहळू जमवलेला मिक्स एका बटणाने तालमीच्या दिवसावर जाऊन बसतो, आणि गायक मध्येच थांबून तुमच्याकडे बघतो.