तारीख आतल्या बाजूला होती

२०२३ च्या जुलैत मी माझ्या स्विफ्टला सतरा इंची अलॉय रिम बसवून घेतले आणि चौपन्न हजारांना गंडलो.

गाडी व्हीएक्सआय मॉडेल. कंपनीचे चौदा इंची लोखंडी रिम, १६५/८० आर १४ टायर. सोसायटीतल्या पोरांच्या गाड्या बघून मला आपली गाडी म्हणजे नवरदेवाने सूटखाली स्लीपर घातल्यासारखी दिसायला लागली होती. पुण्यातल्या एका दुकानात गेलो तेव्हा मनात पंधरा इंचीच होते. वरच्या मॉडेलला कंपनीच १८५/६५ आर १५ देते. दुकानदार गोड बोलणारा. चहा सांगितला, पंधरा इंची रिम पायाने बाजूला सारला आणि म्हणाला, "दादा, खर्च करताच आहात तर दिसू तरी द्या." समोर आला २१५/५० आर १७ चा सेट. "कुठे घासला तर माझ्याकडे या."

सेट बासष्ट हजारांचा, माझे जुने रिम-टायर आठ हजारांना घेऊन वर चौपन्न. जुने टायर नऊ हजार किलोमीटरसुद्धा चालले नव्हते. पक्कं बिल हवं तर जीएसटी वेगळा, म्हणून वहीच्या पानावरचं "व्हील सेट – १" खिशात घातलं. इथे हाव माझीच, नाही म्हणत नाही.

मोबाइलवर दोन मिनिटांचा हिशेब तिथेच करायला हवा होता. जुन्या टायरची रुंदी १६५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची तिच्या ८० टक्के, म्हणजे १३२ मिलिमीटर. ती वर-खाली दोनदा, अधिक चौदा इंची रिमचे ३५५.६. एकूण ६१९.६. नव्याचे तसेच ६४६.८. चाक चार टक्क्यांहून जास्त मोठं झालं. या धंद्यात तीन टक्क्यांच्या आत राहा म्हणतात. चाक मोठं झालं की स्पीडोमीटर आधीपेक्षा कमी वेग दाखवतो आणि किलोमीटरही कमी मोजतो. माझं अ‍ॅव्हरेज वीसवरून सोळावर आलं, त्यातला थोडा भाग या चुकीच्या मोजणीचा, बाकीचा खरंच पेट्रोलचा. ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग थरथरायचं. दुकानदाराने दोनदा बॅलन्सिंग करून दिलं, दोनदा पैसे घेतले.

गणपतीला ताम्हिणीतून गावी निघालो. मागे आई, बायको, मुलगा, डिकी भरलेली. प्रत्येक खड्ड्याला मागून खर्रर्र आवाज, मग रबर जळल्याचा वास. माणगावला पोचेस्तोवर डाव्या मागच्या टायरला लिंबाएवढा फुगा आला होता आणि खांद्यावरून रबर सोलून निघालं होतं.

पंक्चरवाल्याने चाक काढलं आणि मला वाकून बघायला लावलं. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल. ही पूर्ण तारीख बऱ्याच टायरांवर एकाच बाजूला छापलेली असते. माझ्या चारही टायरांवर ती आतल्या बाजूला होती: १२१८. मार्च २०१८. "नवीन" टायर पाच वर्षं गोडाउनमध्ये पडून होते.

पुढचं त्याहून वाईट. रिमचा ऑफसेट, म्हणजे चाक किती आत किंवा बाहेर बसणार ते माप, माझ्या गाडीचा नव्हताच. चाक आत शॉकअपला टेकत होतं, म्हणून हब (ज्यावर चाक बसतं तो भाग) आणि रिममध्ये दहा मिलिमीटरची चकती घातलेली. त्यामुळे टायर बाहेर सरकून मडगार्डच्या कडेला घासत होता. रिमचं मधलं भोकही हबपेक्षा मोठं, ती फट भरणारी रिंग नाही, म्हणून ती थरथर. बॅलन्सिंगने ती जन्मात गेली नसती. चकतीमुळे बोल्ट तितका आखूड पडलेला. पंक्चरवाल्याने नट हाताने फिरवून मोजून दाखवला. पाचव्या वेढ्याला तो हातात आला. माणूस पान्याकडे बघत म्हणाला, "घाट उतरलात कसे?"

गाडी तिथेच ठेवली. गावाला आम्ही एसटीने गेलो, आई वाटेत एक शब्द बोलली नाही.

परत आल्यावर दुकानात गेलो. "रस्ते खराब, त्याला आम्ही काय करणार?" जुने रिम परत द्या म्हटलं, तर ते विकून झाले होते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन केला. तिथे पहिला प्रश्न बिलाचा. वहीच्या पानावर दुकानाचं नाव नाही, आणि ज्या क्यूआर कोडवर पैसे दिले तो भलत्याच कुणाच्या नावाचा. तरी तक्रार नोंदवली. नंतर दुकानदाराने अकरा हजार हातावर ठेवले, तेही जाहिरातीत वापरलेला माझ्या गाडीचा फोटो काढून टाक म्हणून भांडलो तेव्हा.

जुन्या बाजारातून चार लोखंडी रिम घेतले, टायर पक्क्या बिलावर. पैसे देण्याआधी दुकानात उकिडवा बसून चारही टायरांचे आकडे वाचले, फिटर हसत होता.

अलॉयचा सेट गच्चीवर आहे. विकायला जाहिरात टाकली. परवा एकाचा फोन आला, भाव पटला, येतो म्हणाला. मग विचारलं, "टायर कुठल्या सालचे?" मी २०१८ सांगितलं. त्याने फोन ठेवला.