काचेवर नंबर कोरून देण्याची सेवा: पेस्ट, ब्लास्टिंग की लेझर?

सीट कव्हर, सेंट्रल लॉकिंग, वॉशिंग करणाऱ्या बऱ्याच दुकानदारांच्या मनात सध्या गाडीच्या काचांवर तिचा नंबर कोरून द्यायचं काम घोळतंय. जागा लागत नाही, माल भरून ठेवावा लागत नाही आणि गाडी धुवायला आलेलीच असते. कोल्हापुरात आमच्या दुकानात मी हे काम आधी अ‍ॅसिडच्या पेस्टने केलं, नंतर हवेच्या दाबाने पूड मारणारी ब्लास्ट गन घेतली. लेझरचे दोन डेमोही पाहिले. सुरुवात करायच्या आधी कोणी एवढं सांगितलं असतं तर माझे पैसे वाचले असते, म्हणून सविस्तर लिहितोय.

आपण विकतोय काय, हे आधी स्वतःशी स्पष्ट करा. काच कोरल्याने दरवाजा उघडायचा थांबत नाही, इंजिन बंद पडत नाही. हे कुलूप नाही, ही ओळख आहे. चोरलेली गाडी अख्खी विकायची तर चोर आधी नंबर प्लेट बदलतो. १ एप्रिल २०१९ पासूनच्या गाड्यांना हाय सिक्युरिटी प्लेट आली. तिच्यावर लेझरने कोरलेला कायमचा क्रमांक असतो, तोडल्याशिवाय न निघणारं स्नॅप लॉक असतं. तरीही प्लेट ही एकच वस्तू आहे. पुढची, मागची आणि चार दरवाज्यांच्या मिळून सहा काचांवर नंबर असेल तर सहाही बदलाव्या लागतात. तो खर्च आणि तेवढा वेळ चोराला परवडत नाही, एवढाच या कामाचा उपयोग, आणि तो खरा आहे.

पण गाडी सुट्या भागांसाठी तोडायची असेल तर हिशोब वेगळा. मेरठच्या सोतीगंज बाजारात चोरीच्या गाड्या वर्षानुवर्षं अशाच सुट्या होत होत्या. २०२१ च्या डिसेंबरात पोलिसांनी तो बंद पाडला. अशा ठिकाणी कोरलेल्या काचेला गिऱ्हाईक मिळत नाही, बस. इंजिन, गिअरबॉक्स, दरवाजे जातातच. गिऱ्हाइकाला हे बिल करायच्या आधी सांगा.

तीन पद्धती

पेस्ट सगळ्यात स्वस्त. रेडियमवाल्याकडून स्टेन्सिल कापून आणायचं, काच पुसून चिकटवायचं, पेस्ट लावायची, डब्यावर लिहिलेली मिनिटं थांबायचं, धुऊन टाकायचं. अक्षर पांढरं, एकसारखं उठतं. उन्हात तापलेल्या काचेवर मात्र पेस्ट चटकन सुकते आणि अक्षर ठिपक्याठिपक्यांचं दिसतं. पण माझी तक्रार त्याबद्दल नाही. या पेस्टमध्ये बहुतेक वेळा अमोनियम बायफ्लोराइड असतं, त्यातून हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिड तयार होतं. बॅटरीचं अ‍ॅसिड अंगावर उडालं तर लगेच झोंबतं, माणूस हात धुवायला धावतो. हे तसं नाही. कातडीला लागल्यावर कधी कधी काही तास काहीच जाणवत नाही. तोवर ते आत उतरतं आणि शरीरातलं कॅल्शियम धरून बसतं. आमच्याकडच्या मुलाच्या हातमोज्याला बोटाच्या टोकाशी बारीक भोक होतं. दुपारी काम झालं, रात्री दहाला त्याचा फोन आला की नखाखाली ठणका लागलाय, बर्फ लावूनही राहत नाही. डॉक्टरांकडे नेताना पेस्टचा डबा बरोबर नेला, म्हणून उपचार लवकर सुरू झाले. बोट वाचलं. त्या आठवड्यात मी पेस्ट बंद केली. तरीही कोणाला पेस्टच वापरायची असेल तर कॅल्शियम ग्लुकोनेट जेल दुकानात हवंच, आणि थेंब लागला की दुखायची वाट न बघता भरपूर पाण्याने धुऊन, जेल लावून दवाखाना गाठायचा.

ब्लास्टिंगला कॉम्प्रेसर लागतो, तो बहुतेकांकडे असतोच. छोटी गन आणि बारीक अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडची पूड. स्टेन्सिल तेच. काही सेकंदांत अक्षर उठतं आणि पेस्टपेक्षा बोटाला जास्त जाणवतं. पैसे वाचवायला नदीची वाळू चाळून वापरू नका. तिच्या धुळीतली सिलिका फुप्फुसात बसते आणि सिलिकोसिस बरा होत नाही. पूड कुठलीही असो, चांगला मास्क आणि चष्मा हवाच. दुसरी काळजी गाडीची. दरवाज्याच्या काचेखालच्या रबरी पट्टीत पुडीचे कण पडतात आणि गिऱ्हाइकाने काच खाली घेतली की उभे ओरखडे उठतात. म्हणून पट्टीवर रुंद मास्किंग टेप लावायची, काम झालं की व्हॅक्यूम फिरवायचा, आणि टेप काढेपर्यंत काच हलवायची नाही. आमच्याकडे त्या वेळेपुरती किल्ली माझ्या खिशात असते.

लेझर दिसायला सगळ्यात भारी, पण खरेदीत फसगत इथेच होते. बाजारात जे हातातले फायबर लेझर दाखवतात ते धातूसाठी असतात. त्यांचा किरण साध्या काचेतून आरपार जातो, अक्षर धड उठत नाही. काचेला सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायूचा) किंवा यूव्ही (अतिनील किरणांचा) लेझर लागतो. सीओटू काचेच्या पृष्ठभागावर उष्णतेने बारीक तडे पाडूनच अक्षर उठवतो. दरवाज्याच्या आणि मागच्या काचा टफन्ड, म्हणजे तापवून कडक केलेल्या असतात, त्यांचा बाहेरचा थर दाबात असतो आणि आतला ताणात. पॉवर चुकली आणि तडा त्या थराच्या पलीकडे गेला तर अख्खी काच चुरा होऊन सीटवर येते. यूव्ही स्वच्छ काम करतो, पण त्याची किंमत महिन्याला पाच-दहा गाड्या करणाऱ्या दुकानातून निघणार नाही. डायमंड बिटचं हाताने कोरायचं मशिनही याच तड्यांच्या कारणासाठी गाडीच्या काचेला नको.

माझं मत ब्लास्टिंगच्या बाजूने आहे, आणि ते बोटाच्या त्या रात्रीनंतर बदललेलं नाही.

कुठला नंबर कोरायचा

बहुतेक ठिकाणी पासिंगचा नंबर कोरतात. तो नाक्यावरच्या पोलिसाला लगेच वाचता येतो, गिऱ्हाइकालाही आपला वाटतो. आमच्याकडे मात्र निपाणी, बेळगावचं येणंजाणं रोजचं. एमएच ०९ ची गाडी तिकडच्या माणसाने घेतली आणि बारा महिन्यांपेक्षा जास्त तिकडेच ठेवली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे तिला कर्नाटकचा नंबर घ्यावा लागतो. प्लेट बदलते, सहा काचांवर जुना नंबर तसाच. मग प्रत्येक नाकाबंदीत नव्या मालकाने कागद काढून दाखवायचे. बीएच मालिकेत, म्हणजे देशभर चालणाऱ्या नंबरात, गाडी नेली तरी तेच. चासी नंबर गाडी स्क्रॅप होईपर्यंत बदलत नाही, म्हणून मी सतरा अक्षरी चासी नंबरच कोरतो.

तो आरसीवरून नाही, गाडीवरून वाचायचा. बॉनेट उघडून फायरवॉलवर (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावर), काही गाड्यांत पुढच्या सीटखालच्या कार्पेटची झडप उचलून. खडबडीत पंचिंगवर पडलेली धूळ फडक्याने पुसल्याशिवाय आठ आणि बी वेगळे कळत नाहीत. एक गोष्ट कामाला येते: चासी नंबरात आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच नसतात. गोल दिसलं की ते शून्यच. जागा म्हणाल तर खालच्या कोपऱ्यात, कंपनीच्या आयएसआय शिक्क्याजवळ. पुढच्या काचेवर वायपर फिरतो तिथे नको, कॅमेरा असेल त्या भागात तर नकोच.

बाकीच्या वस्तूंशी तुलना

गिअर लॉक हे खरं कुलूप आहे. चोराला वेळ लावतं, पण माणसं महिन्याभरात लावायचा कंटाळा करतात. जीपीएस गाडी कुठे आहे ते दाखवतं, मात्र सिम रिचार्ज संपलं की गप्प बसतं. शिवाय नव्या गाडीची वायरिंग कापली तर वॉरंटीचा वाद अंगावर येऊ शकतो. मायक्रोडॉट, म्हणजे गाडीभर फवारायचे अतिसूक्ष्म ठिपके, सुट्या भागांचीही ओळख ठेवतात आणि त्या बाबतीत काचेपेक्षा सरसच. केंद्राने त्यांच्यासाठी २०१९ मध्ये मसुदा नियम काढला होता, पण आपल्यासारख्या गावातल्या दुकानाला तो उद्योग आवाक्याबाहेरचा. मी गिअर लॉक आणि काचा एकत्र सुचवतो. एक अडवतं, दुसरं ओळख पटवतं.

‘विम्यात सूट मिळेल का?’ हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. मोटार टॅरिफमधली (विम्याच्या दरपत्रकातली) सवलत पुण्याच्या एआरएआय या वाहन चाचणी संस्थेने मान्यता दिलेल्या चोरीरोधक उपकरणाला होती, ओन डॅमेज म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या प्रीमियमच्या अडीच टक्के, कमाल ५०० रुपये. काचेवरचा नंबर हे उपकरण नाही. सूट मिळेल असं सांगून काम घेऊ नका. उलट, ज्याच्याकडे नुसती थर्ड पार्टी पॉलिसी आहे त्याला सांगा की चोरीची भरपाई तिच्यात मिळतच नाही.

आता ज्या कारणाने मी दोनदा काम नाकारलं ते. चोरीच्या गाडीवर आपण खोटा नंबर कोरून दिला तर तिला खरेपणाचा शिक्का आपणच मारतो. म्हणून मोबाइलवरचा आरसीचा फोटो मी धरत नाही. एमपरिवहन किंवा डिजिलॉकरमधली आरसी, मालकाचं ओळखपत्र, पंच केलेला चासी नंबर, तिन्ही जुळायला हवं. गेल्या पावसाळ्यात एक जण पांढरी हॅचबॅक घेऊन आला. बॉनेट उघडा म्हटल्यावर केबल अडकलीय म्हणाला. मग सीटखालचं बघू म्हटलं, तर घाई आहे, उद्या येतो म्हणून गेला. आला नाही. एनसीआरबी, म्हणजे केंद्राच्या गुन्हे नोंद विभागाच्या, वाहन समन्वय सेवेत चासी नंबर टाकून गाडी चोरीला गेल्याची नोंद आहे का तेही पाहता येतं. जुनी गाडी असेल तर मी ते पाहतोच.

प्रत्येक गाडीची वहीत ओळ ठेवा: तारीख, पासिंग, चासी, किती काचा. सहीच्या आधी गिऱ्हाइकाला चासी नंबर स्वतः मोठ्याने वाचायला लावा, कारण काचेवर चुकलेलं अक्षर पुसता येत नाही, काच विकत घेऊन द्यावी लागते. पुढे दगड लागून एखादी काच बदलली तर ती एक काच मी पैसे न घेता कोरून देतो. बिलावर तसं लिहिलेलं असतं, फक्त जुनं बिल आणि आरसी घेऊन यायचं.