अंदमानला ‘वॉटर स्पोर्ट्स कॉम्बो’ घेताय? आधी हे वाचा

अंदमानातल्या हॅवलॉक बेटावर आमच्याकडून स्कूबाच्या (सिलिंडर लावून पाण्याखाली जायच्या) बोट डाइव्हचे पैसे घेतले आणि स्वस्तातल्या शोअर डाइव्हवर बोळवण केली. एवढंच असतं तर चडफडत गप्प बसलो असतो. पण त्या एका लबाडीला लागून आणखी निघाल्या, आणि त्यातल्या दोन थेट जिवाशी खेळणाऱ्या होत्या.

एजंट इन्स्टाग्रामवर मिळाला. मराठी बोलणारा, दर वाक्याला ‘ताई, तुम्ही निर्धास्त राहा’. माणशी 9,500 रुपयांचं कॉम्बो: बोटीतून स्कूबा आणि त्याचा व्हिडिओ, हॅवलॉकवरच्याच एलिफंट बीचची बोट, तिथे जेट स्की आणि वर स्नॉर्केलिंग (नळीने श्वास घेत, तरंगत मासे बघणं) ‘आमच्याकडून फ्री’. निम्मे पैसे आधी यूपीआयने, तेही कुणा तिसऱ्याच माणसाच्या नावावर. उरलेले हॉटेलवर पोचल्यावर रोख. पावती म्हणून व्हॉट्सअॅपवर एक रंगीत चित्र आलं, त्यावर नुसतं ‘स्कूबा + व्हिडिओ’. बोटीचा उल्लेख फक्त त्याच्या व्हॉइस मेसेजमध्ये.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: शोअर डाइव्हमध्ये किनाऱ्यावरूनच पाण्यात चालत जायचं. बोट डाइव्हमध्ये बोट तुम्हाला लांबच्या प्रवाळाकडे नेते. तिथे पाणी सहसा जास्त स्वच्छ, गर्दी कमी आणि दर अर्थातच बराच चढा. पोहता न येणाऱ्यांना दोन्ही करता येतात, वय मात्र किमान 10 वर्षं लागतं. शोअर डाइव्ह वाईट नसते, हॅवलॉकच्या नीमो रीफवर रोज कितीतरी लोक आनंदाने करतात. फक्त तिचे पैसे तिच्याच दराने घ्यावेत.

आमच्या दिवशी एजंटचा माणूस सकाळी येऊन म्हणाला, “आज समंदर खराब है, बोट बंद.” आम्ही मुकाट्याने नीमो रीफवर गेलो. नवरा पाणी आणायला म्हणून जेट्टीकडे गेला, तर तिथे दुसऱ्या डाइव्ह सेंटरच्या बोटीत सिलिंडर चढत होते आणि पर्यटक वेटसूट घालून बसले होते. समुद्र फक्त आमच्यापुरताच खराब होता.

किनाऱ्यावर एक फॉर्म दिला. दमा आहे का, हृदयविकार आहे का, कानाचं ऑपरेशन झालंय का, असे प्रश्न. माझ्या नणंदेला दमा आहे. तिने तिथे ‘हो’ लिहिल्यावर तो मुलगा हळूच म्हणाला, “मॅडम, सब में नो डाल दो. नहीं तो डॉक्टर का सर्टिफिकेट मांगेंगे.” हे वाचणाऱ्या प्रत्येकाने इथे थांबावं. 10 मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथे छातीत घेतलेली हवा वर येईपर्यंत दुप्पट जागा मागते. दम्यामुळे ती फुफ्फुसात कुठे अडकली तर फुफ्फुस फाटू शकतं. शिवाय फॉर्मवर सही तुमची, म्हणजे उद्या काही झालं तर खोटं बोललात तुम्हीच. नणंद बाजूला बसली, आणि तिने बरं केलं.

बाकी आम्ही तिघं पाण्यात गेलो. ‘पाऊण तास’ सांगितलेल्या वेळात सूट चढवणं, कमरेइतक्या पाण्यात तोंडाने श्वास घ्यायला शिकणं, सगळं धरलेलं. खाली मोजकी मिनिटं. दोघांमागे एक इन्स्ट्रक्टर. चांगली सेंटरं नवख्यांना माणशी एक देतात. मुलाला क्लाउनफिश दिसला, तो खूश. मीही तेवढ्यापुरती खूश, खोटं कशाला बोलू. नंतर व्हिडिओ आला, त्यातले माशांचे सगळे क्लोजअप आमच्याच हॉटेलातल्या एका गुजराती कुटुंबाच्या व्हिडिओतही जसेच्या तसे! आमचे स्वतःचे चेहरे असलेला तुकडा हवा तर ‘एडिटिंग चार्ज’ वेगळा.

एलिफंट बीचच्या बोटीच्या खिडकीवर कळलं की स्नॉर्केलिंगची एक छोटी फेरी त्या तिकिटातच असते, सगळ्यांनाच. एजंटचं औदार्य ते. जेट स्कीबद्दल काय सांगू, बसेपर्यंत उतरायची वेळ झाली.

नणंदेचे स्कूबाचे पैसे मागितले तर ‘रिफंड नाही, अॅडजस्ट करतो’. कुठे? पोर्ट ब्लेअरजवळ नॉर्थ बेला, जुन्या वीस रुपयांच्या नोटेमागे ज्याचा दीपस्तंभ दिसायचा तिथे. आणि कधी, तर शेवटच्या दिवशी सकाळी. आमचं विमान त्याच दुपारचं, हे त्याला ठाऊक होतं, तिकिटं त्यानेच पाहिली होती. पाण्याखाली रक्तात जादा नायट्रोजन विरघळतो आणि विमानातल्या कमी दाबात त्याचे बुडबुडे होऊ शकतात, म्हणून एका डाइव्हनंतरही किमान 12 तास उडायचं नसतं. एकापेक्षा जास्त केल्या तर 18. दमा असलेल्या बाईला, विमानाच्या चार तास आधी! याला मी निष्काळजीपणा म्हणणार नाही. एक दिवस गिऱ्हाईक शांत ठेवायचं आणि विमानात बसवून द्यायचं, एवढाच त्यात हिशोब.

तुम्ही बुकिंग करत असाल तर बोट की शोअर, प्रत्यक्ष पाण्याखाली किती मिनिटं, एका इन्स्ट्रक्टरमागे कितीजण आणि सेंटरचं नाव काय, हे पैसे देण्याआधी लेखी मागा. सेंटरचं नाव सांगायला जो टाळाटाळ करतो, त्याचा व्यवहार तिथेच सोडा. हॅवलॉकला जाऊन सेंटरशी थेट बोललात तरी चालतं, आम्हाला शेजारच्याच सेंटरने शोअर डाइव्हचा दर आमच्या एजंटच्या जवळजवळ निम्मा सांगितला. स्कूबा सहलीच्या सुरुवातीला ठेवा. भरती-ओहोटीमुळे वेळ बदलली तर हाताशी दिवस राहतो.

परत आल्यावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, 1915 ला, फोन केला. तक्रार नोंदल्यावर नणंदेचे पैसे आठवड्याभरात आले. बोट आणि शोअरच्या दरातला फरक द्यायला मात्र एजंट तयार नाही. ‘पावतीवर बोट कुठे लिहिलंय दाखवा’ असं म्हणतो. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, त्यासाठी अंदमानला जावं लागत नाही. दोन वर्षांची मुदत असते आणि दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फीही नाही. त्याचे व्हॉइस मेसेज मी पुसलेले नाहीत. ते जोडून नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगासाठी अर्ज तयार करतोय.