चार तारांच्या बासवर ईच्या खाली: तार उतरवावी, तारांचा संच बदलावा की पाच तारी घ्यावा?

चार तारांच्या बास गिटारवर जाड तारेपासून क्रमाने ई, ए, डी, जी अशा तारा असतात. जाड तार मोकळी छेडली की ई मिळतो, ४१.२ हर्ट्झ. त्याखाली डी आहे ३६.७वर, सी ३२.७वर आणि पाच तारी बासचा मोकळा बी जवळपास ३०.९वर. पैसे काढण्याआधी एवढं ठरवा: नेमका कुठला सूर हवा आहे आणि कार्यक्रमात कितीदा. पुढचं सगळं त्यावरच ठरतं.

आपल्या वाद्यवृंदांत हा प्रश्न बहुतेकदा पट्टीमुळे येतो. काळी एक म्हणजे सी शार्प, पांढरी दोन म्हणजे डी, काळी दोन म्हणजे डी शार्प. तिन्हींचा खालचा षड्ज मोकळ्या ईच्या थोडाच खाली पडतो, म्हणून तो ए तारेवर चौथ्या, पाचव्या किंवा सहाव्या फ्रेटवर, एक सप्तक वर वाजवावा लागतो. बहुतेक गाण्यांना ते शोभतंही. अडतं ते ओळ षड्जावर टेकवताना खाली उतरायचं असेल तेव्हा. काळी चार किंवा काळी पाचला गाणाऱ्या गायिकेबरोबर मात्र अडचण नाही, जी शार्प आणि ए शार्प दोन्ही जाड तारेवरच आहेत.

फक्त ई तार डीपर्यंत उतरवणं (ड्रॉप डी)

खर्च शून्य. जाड तारेवर बाराव्या फ्रेटचा हार्मोनिक घ्या (बोट न दाबता तारेला नुसतं टेकवून छेडा) आणि मोकळ्या डी तारेशी जुळवा. दोन्ही एकाच सुरात येतात, दोन सुरांतली थरथर थांबली की तार लागली. तार आधी डीच्या थोडी खाली न्या आणि मग वर आणा. नुसती उतरवत आणून थांबलात तर नटमध्ये (खुंट्यांजवळची खाचांची पट्टी) अडकलेला ताण वाजवता वाजवता सुटतो आणि सूर आणखी पडतो.

एक स्वर उतरवला की ताण साधारण २० टक्के घटतो. .१०५ची तार (जाडी इंचांत) हे बहुधा सोसते, .१०० लोळायला लागते: फ्रेटवर आपटते, आणि जोरात छेडली तर सूर आधी वर चढून मग खाली बसतो. यावर उपाय हात हलका ठेवणं आणि ब्रिजच्या (तारांचं अंगाकडचं टोक जिथे बसतं) थोडं जवळ छेडणं. कायम डीतच राहणार असाल तर .११० किंवा .११५ची एकच सुटी तार घ्या (पूर्वीइतका ताण हवा तर हिशोबाने .११८ लागेल).

खरी किंमत बोटांना मोजावी लागते. जाड तारेवरचा प्रत्येक सूर दोन फ्रेट वर सरकतो: ई दुसऱ्यावर, एफ तिसऱ्यावर, जी पाचव्यावर. सवयीचा हात तिसऱ्या फ्रेटवर जातो, जीऐवजी एफ वाजतो आणि तो सगळ्यांना ऐकू येतो. मोबदल्यात मूळ सूर आणि त्याचा पंचम एकाच फ्रेटवर येतात, रॉकमध्ये हे फार सोयीचं.

कार्यक्रमातल्या दोन-तीन गाण्यांपुरताच डी हवा असेल तर हिपशॉट कंपनीची एक्सटेंडर ही खुंटी बघा. ई तारेची खुंटी काढून ही बसवतात. मागची कळ दाबली की तार डीवर, परत फिरवली की ईवर. घेण्याआधी जुन्या खुंटीच्या भोकाचा व्यास आणि स्क्रूच्या जागा मोजा, कारण मॉडेलं वेगवेगळी आहेत. कळ फिरवल्यावर सूर नेमका परतत नसेल तर आधी नटची खाच तपासा. पेन्सिलीचं शिसं घासल्याने बरेचदा काम होतं.

सगळ्याच तारा अर्धा स्वर खाली

बोटांचे आकार तेच राहतात आणि ताण फक्त ११ टक्के घटतो. काळी दोनचा षड्ज मोकळ्या तारेवर येतो. पण डी अजूनही मिळत नाही, आणि मोकळ्या ए, डी, जी तारा ज्या गाण्यांत कामी येतात तिथे त्या हातच्या जातात. सगळा कार्यक्रम एकाच पट्टीत असेल तरच.

बी-ई-ए-डी: पाच तारी संचातली जी तार वगळून

सी, सी शार्प आणि बी सतत लागत असतील तर चार तारी बासवरचा हा सगळ्यात पक्का मार्ग. पाच तारी संच घ्यायचा (.१३०, .१०५, .०८५, .०६५, .०४५) आणि शेवटची तार बाजूला ठेवायची. नेहमीचीच ई तार बीपर्यंत उतरवू नका. ताण ४४ टक्के घटतो आणि तार दोरीसारखी लोंबते.

नट हा यातला अडसर. .१०५ म्हणजे २.७ मिलिमीटर, .१३० म्हणजे ३.३. चारही खाचा रुंद कराव्या लागतात आणि ते काम परत फिरवता येत नाही, म्हणून जुना नट जपून ठेवा आणि नव्यावर कानस चालवा. भिंती रुंद करा, तळ खोल करू नका. तार खाचेच्या तोंडावरच बसली तर पहिल्या दोन-तीन फ्रेटवर सूर चढा येतो. तळ जास्त खोल गेला तर मोकळी तार पहिल्या फ्रेटवर खरखरते, मग तो नट टाकूनच द्यावा लागतो.

जाड तार खुंटीच्या भोकात शिरत नसेल तर टोकाला निमुळती असलेली घ्या. जादा टोक कापण्याआधी तार काटकोनात वाकवा, नाहीतर आतल्या गाभ्यावरचा वेढा सुटतो आणि नवी तार मेल्यासारखी वाजते. बीचा सॅडल (ब्रिजवर तार टेकते तो सरकता तुकडा) ई तारेपेक्षा मागे जातो. स्क्रू पुरला नाही तर त्यावरची स्प्रिंग आखूड करतात. शेवटी मानेचा बाक: पहिला आणि शेवटचा फ्रेट दाबून मध्ये, सातव्या-आठव्या फ्रेटपाशी, ०.३ मिलिमीटरच्या आसपास फट हवी. ट्रस रॉड (मानेतली सळई) एका वेळी पाव वेढाच फिरवा.

जाते ती वरची तार. वीस फ्रेटच्या बासवर वरचे पाच अर्धस्वर गेले, आणि स्लॅप (अंगठ्याने आपटून) वाजवणाऱ्याची पातळ, चटकदार जी तारही. सोलो आणि कॉर्ड वाजवणाऱ्यांनी हा मार्ग धरू नये, हे आमचं स्पष्ट मत.

ऑक्टेव्ह पेडल

बॉस कंपनीचा ओसी-२ पेडल १९८२चा, बासवादक पिनो पॅलाडिनोच्या फ्रेटलेस (फ्रेट नसलेल्या) बासवर तो गाजला. ओसी-५ २०२०चा. पेडल वाजवलेल्या सुराच्या एक सप्तक खालचा सूर तयार करतं, म्हणून वर वाजवायचं: ए तारेचा पाचवा फ्रेट दिला की खालचा डी, दुसरा दिला की बी. मोकळा ई दिलात तर २०.६ हर्ट्झ निघतात, म्हणजे नुसता हादरा. सूर ओळखायला पेडलला निदान एक आंदोलन लागतं, त्यामुळे खालच्या सुरांवर ते अडखळतं. जुन्या पद्धतीच्या पेडलना दोन तारा एकदम चालत नाहीत, सूर गुरगुरतो. आवाज सिंथसारखा येतो. तो हवा असेल तर उत्तम, नुसता खोल बास हवा असेल तर हे उत्तर नाही.

आणि कुठलाही मार्ग घ्या, आठ इंची स्पीकरच्या सरावाच्या अँपमधून ३१ हर्ट्झ फारसे निघत नाहीत. कान वरच्या ६२ आणि ९३ हर्ट्झवरून मूळ सूर जोडून घेतो. बासचं बटण पिळलं तर स्पीकरचा पडदा फडफडतो. उलट ३० हर्ट्झच्या खालचं हाय-पास फिल्टरने (खालचे सूर अडवणारा) कापा आणि लो-मिड (खर्जाच्या जरा वरचा पट्टा) थोडा वाढवा, सूर ठळक होतो.

पाच तारी बास

काहीच गमवावं लागत नाही, फक्त पैसे आणि थोडी सवय. मान रुंद असते, आणि बी तार न वाजवताही घुमत राहते, म्हणून उजवा अंगठा तिच्यावर टेकवून ठेवायला शिकावं लागतं. स्वस्त वाद्यांत बी तारच कच्ची निघते. ३५ इंची स्केलवर (नट ते ब्रिज तारेची लांबी) ती ३४पेक्षा घट्ट लागते, पण तेवढ्यावर भरवसा ठेवू नका. दुकानात बी तार पाचव्या फ्रेटवर दाबून येणारा ई आणि शेजारचा मोकळा ई आलटून पालटून वाजवा. दोघांचा आवाज आणि जोर जवळपास सारखा असेल तर बास घ्या. बीवरचा ई बोदा आणि धूसर वाटला तर आधी दुकानदाराला नव्या तारा चढवायला सांगा, आणि तरीही तसाच राहिला तर तो बास जागच्या जागी ठेवा.