शिपायाच्या रोजनिशीची दुरुस्ती: म्हापशातली एक कार्यशाळा

जुनी रोजनिशी दुरुस्तीला द्यायची तर कारागिराला पहिला प्रश्न हाच विचारावा, की लिहिलंय ते कशानं? म्हापशातल्या या छोट्या कार्यशाळेत तो प्रश्न त्यांनीच आधी विचारला. तिथंच निम्मं काम झालं.

वही पेडण्यातल्या एका घरातली. १९४४ सालची, इटलीत लढलेल्या मराठा पलटणीतल्या एका शिपायाची. लढाईचं वर्णन थोडंच. पाऊस, चिखल, शिधा, मोजे वाळले की नाही, घरचं पत्र आलं की नाही, हेच रोज. अधूनमधून मोडी. तळहाताएवढी वही, ९६ पानं, मध्ये दोन पिना, दोन्ही गंजलेल्या.

अक्षर दिसायला साध्या शिसपेन्सिलीचं. पण त्या काळी शिपायांच्या खिशात कॉपिंग पेन्सिल सर्रास असे. तिच्यात ग्रॅफाइटबरोबर अ‍ॅनिलिन रंग असतो. कोरडी असेपर्यंत करडी, पाणी लागलं की जांभळी. दुरुस्तीत एरवी पानं पाण्यानं धुतात, पण असं पान धुतलं तर अक्षर पसरतं आणि ते परत आणता येत नाही. इथं एका रेघेच्या टोकाला टाचणीच्या डोक्याएवढा ओलसर कापूस टेकवला, वर टिपकागद दाबला. जांभळा ठिपका उमटला. धुणं तिथंच रद्द. अल्कोहोलही बाद, कारण त्यातही हा रंग सुटतो.

मग सगळं काम जवळजवळ कोरडंच. धूळ मऊ ब्रशनं झाडली. लिहिलेल्या भागावर खोडरबर फिरवला नाही, हे विशेष. पिना उपटल्या नाहीत, मागून पाय सरळ करून अलगद काढल्या. फाटलेल्या कडांना जपानी टिश्यू, म्हणजे पातळ पण चिवट कागद लावला, तोही आधी मिथाइल सेल्युलोज हा पाण्यानं सुटणारा डिंक लावून वाळवलेला. त्याची पट्टी ओलसर स्पंजवर क्षणभर टेकवायची, चिकटवायची, वर टिपकागद आणि वजन. ओल अक्षरापर्यंत पोचतच नाही. शेवटी जुन्याच भोकांतून लिनन धाग्यानं शिवण. वही सपाट उघडते, पाठ ताणली जात नाही. कुणीतरी पूर्वी लावलेला सेलोटेप गरम स्पॅट्युलानं सोडवलाय. पिवळा डाग मात्र राहिला, आणि द्रावक न वापरता तो तसाच ठेवला हे बरोबरच केलं.

स्कॅनिंगवर मात्र नाराजी आहे. ६०० डीपीआय, टिफ फाइल, इथवर ठीक, पण पहिल्या खेपेला ग्रेस्केल, म्हणजे नुसत्या करड्या छटांत! शिपायाच्या ओल्या बोटांनी जिथं अक्षर जांभळं झालंय ते त्यात दिसतच नाही, आणि त्या पावसाची तेवढीच तर खूण. सांगितल्यावर रंगीत करून दिलं. तरी दुरुस्तीआधीचा स्कॅन हवा होता, तो राहिलाच.

आम्लविरहित पेटीबरोबर ओल शोषणाऱ्या सिलिका जेलची पुडी देतात, पण पुढं काय करायचं ते सांगत नाहीत. नारिंगी दाणे ओल शोषून हिरवे झाले की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोनेक तास तापवायचे. पेटी बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटात ठेवू नये, प्लास्टिकच्या पिशवीत तर नाहीच. गोव्याच्या पावसाळ्यात आत ओल कोंडते आणि बुरशी धरते.

पैसे पानामागे घेतात, तेव्हा पानं मोजून पावतीवर लिहून घ्यावीत. वही फेब्रुवारी-मार्चमध्ये द्यावी. जूननंतर पेस्ट नीट वाळत नाही.